गावातल्या पाण्याचा अभ्यास करायचा, तर गूगलला नेमकं काय विचारायचं?

प्रश्न असा आला आहे: "सर, मी केळापूर तालुक्यातल्या एका गावची ग्रामपंचायत सदस्य. आमच्या शाळेतल्या बऱ्याच पोरांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग आहेत. कोणी म्हणतं बोरिंगच्या पाण्यात फ्लोराइड आहे, कोणी म्हणतं खर्ऱ्याचे, म्हणजे तंबाखू-सुपारीचे, डाग आहेत. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत हा विषय अभ्यास करून मांडायचा आहे. पण गूगलवर टाकलं की टूथपेस्ट येते, आणि शोधनिबंध उघडायला गेलं की पैसे मागतात. सुरुवात कुठून करू? बी.ए. झालं आहे. इंग्रजी वाचता येतं, पण हळू."

ताई, हळू वाचता ते बरंच आहे. मी तीस वर्षं तालुक्याच्या कॉलेजात ग्रंथपाल होतो. पीएच.डी.ची पोरं, पाण्यावर आणि शेतीवर काम करणाऱ्या संस्थांची माणसं, एखाद-दोन वकील, या सगळ्यांना कागद शोधून द्यायचं काम केलं. जे घोळ झाले ते बहुतेक भरभर वाचणाऱ्यांनी घातले, आणि त्यांतला एक माझ्या नावावर आहे. तो पुढे सांगतो.

आधी टूथपेस्टचं. तुम्ही 'फ्लोराइड वॉटर' असं काहीतरी टाकलं असणार. जगातल्या इंग्रजीत या दोन शब्दांचा अर्थ आपल्या उलट आहे. अमेरिकेत १९४५ साली मिशिगन राज्यातल्या ग्रँड रॅपिड्स शहरात दात किडू नयेत म्हणून नळाच्या पाण्यात फ्लोराइड मिसळायला सुरुवात झाली. ते घालावं की न घालावं हा वाद तिथे अजून चालू आहे. त्यामुळे नेटवरचा निम्मा मजकूर पाण्यात फ्लोराइड घालण्याबद्दलचा. आपला प्रश्न जमिनीतून आपोआप आलेलं फ्लोराइड काढायचा. गूगलला हा फरक तुम्ही सांगितल्याशिवाय कळत नाही, आणि तो सांगायचा तर शब्द बदलावे लागतात.

म्हणून मोबाइल बाजूला ठेवा आणि एक वही घ्या. पानाचे तीन भाग करा. पहिल्यात गावातले शब्द: पिवळे दात, खारं पाणी, बोरिंग, हाडं दुखणं. दुसऱ्यात सरकारी शब्द: पाणी गुणवत्ता, गुणवत्ताबाधित वस्ती, स्रोत, विंधन विहीर (म्हणजे आपलं बोरिंग). तिसऱ्यात शास्त्रज्ञांचे, आणि हे इंग्रजी स्पेलिंगनेच लिहून ठेवा: डेंटल फ्लुओरोसिस (फ्लोराइडने दातांवर होणारा आजार), स्केलेटल फ्लुओरोसिस (तोच हाडांचा), एंडेमिक (एखाद्या भागात कायम आढळणारा), ग्राउंडवॉटर (भूजल), हायड्रोजिओकेमिस्ट्री (भूजलाचं रसायनशास्त्र). तुमच्या बोरिंगबद्दल कोणीच काही लिहिलेलं नाही असं तुम्हाला वाटतं, याचं कारण बहुतेक वेळा एवढंच असतं की लिहिणाऱ्याने तिसऱ्या भागातले शब्द वापरलेत आणि तुम्ही पहिल्या भागातले टाकताय. बोरिंगला अहवालात बोरिंग म्हणत नाहीत. मी ग्रंथालयात बसून जे काही शिकलो, त्यातला मोठा भाग या तीन रकान्यांत मावतो.

तिसरा रकाना भरायचा कसा? त्यासाठी विकिपीडिया चालेल. शब्दांसाठी चालेल, आकड्यांसाठी नाही. शिवाय कोणत्याही एका शोधनिबंधाचं पहिलं पान उघडा. सारांशाखाली 'कीवर्ड्स' म्हणून चार-पाच शब्द दिलेले असतात, ते जसेच्या तसे उतरवा. जुन्या काळात जायचं असेल तर शब्दही जुने लागतात. भारतात पिण्याच्या पाण्यातल्या फ्लोराइडमुळे होणारा हा आजार १९३७ मध्ये तेव्हाच्या मद्रास इलाख्यातल्या नेल्लोर जिल्ह्यातून नोंदवला गेला. त्या सुमाराच्या लिखाणात डागाळलेल्या दातांना 'मॉटल्ड इनॅमल' म्हणत. हा शब्द माहीत नसेल तर त्या काळातलं बरंच काही हाती लागत नाही.

आता गावांची नावं. इथे आपल्या भागात फार माणसं अडखळतात. तुमच्या तालुक्याचं सरकारी नाव केळापूर, पण गाव पांढरकवडा. कोणी निबंधात केळापूर लिहितो, कोणी पांढरकवडा, आणि इंग्रजीत पांढरकवड्याची तीन-चार स्पेलिंगं फिरतात. सगळी वहीत मांडा आणि एकेक टाकून बघा. यवतमाळचंही तेच. इंग्रजांच्या कागदात ते 'येवतमाळ'सारख्या स्पेलिंगने येतं, आणि १९०५ पूर्वीच्या कागदात तर हा जिल्हाच वणीच्या नावाने, 'वुन' म्हणून सापडतो. झरी जामणी तालुका नंतर झाला, त्यामुळे जुन्या जनगणनेत ती गावं दुसऱ्या तालुक्यांखाली शोधावी लागतात. शिवाय आपण १९५६ पर्यंत मध्य प्रांतात, म्हणजे नंतरच्या मध्य प्रदेशात होतो, मग चार वर्षं द्विभाषिक मुंबई राज्यात, आणि १९६० पासून महाराष्ट्रात. 'महाराष्ट्र' शब्द टाकून १९४०चा कागद कसा निघणार?

आणखी एक. कोलाम आदिवासींचे पोड, म्हणजे त्यांच्या छोट्या वस्त्या, तुमच्या गावाला लागून असतील. पोड हे बहुतेक ठिकाणी महसुली गाव नसतं. जनगणनेच्या यादीत ते मूळ गावाच्या पोटात जातं, आणि पाणीपुरवठ्याच्या यादीत 'हॅबिटेशन' म्हणजे वस्ती म्हणून वेगळं दिसू शकतं. गावाचं पाणी चांगलं आणि पोडावरच्या एकुलत्या बोरिंगचं वाईट असं असेल, तर गावाच्या नावावरचा आकडा तुम्हाला फसवणार. २०११च्या जनगणनेत प्रत्येक गावाला सहा अंकी कोड आहे, तो शोधून वहीच्या पहिल्या पानावर लिहा. खैरी, पिंपरी, वाढोणा ही नावं आपल्याकडे किती गावांना आहेत ते तुम्हाला सांगायला नको.

मराठीत शोधताना दोन अडचणी येतात. एकतर फ्लोराइड, फ्लोराईड, फ्लुराइड असं तीन तऱ्हांनी लिहितात. दुसरी अडचण दिसत नाही, म्हणून जास्त त्रास देते. युनिकोड सर्रास व्हायच्या आधीचे कित्येक मराठी अहवाल आणि पेपरांची पानं श्री-लिपी, कृतीदेव अशा फॉन्टांत टाइप केलेली आहेत, किंवा नुसती स्कॅन केलेली चित्रं आहेत. डोळ्यांना मराठी दिसते, पण यंत्राला ती कचरा वाटते. गूगल ती बहुतेक वेळा काढून देत नाही. असे कागद खात्याच्या संकेतस्थळावर जाऊन वर्षानुसार एकेक उघडूनच बघावे लागतात. कंटाळवाणं काम आहे, आणि म्हणूनच तिथे कोणी गेलेलं नसतं.

गूगलची चार-पाच हत्यारं पुरतात. दोन शब्द सोबतच हवे असतील तर अवतरण चिन्हात टाका. नको तो शब्द काढायला त्याच्या आधी वजाचं चिन्ह, मध्ये जागा न सोडता. टूथपेस्ट अशीच काढा. एखाद्या सरकारी संकेतस्थळापुरतंच शोधायचं असेल तर इंग्रजीत 'साइट', मग विसर्गासारखे दोन ठिपके आणि लगेच संकेतस्थळाचा पत्ता. अहवाल हवे असतील तर 'फाइलटाइप', तेच दोन ठिपके आणि पीडीएफ. एवढ्याने बातम्यांचा ढीग बाजूला होतो. बातम्या टाकाऊ नाहीत, पण त्या पत्त्यासारख्या वापरा. बातमीत 'एका सर्वेक्षणानुसार' असं आलं की ते सर्वेक्षण कोणाचं, कोणत्या साली, एवढं घेऊन पुढे निघा.

यानंतर गूगल स्कॉलर, म्हणजे शोधनिबंध शोधायचं गूगल. ते २००४ पासून आहे, फुकट आहे आणि मोबाइलवर चालतं. तिथे इंग्रजीत यवतमाळ, फ्लोराइड, ग्राउंडवॉटर हे तीन शब्द टाका. २००७ मध्ये 'करंट सायन्स' या बंगळुरूच्या नियतकालिकात पांढरकवडा परिसराच्या भूजलातल्या फ्लोराइडवर निबंध आला होता. तुमच्या दारातलाच विषय, आणि 'करंट सायन्स'चे जुने अंक वाचायला पैसे लागत नाहीत. तिथूनच सुरुवात करा.

एक चांगला निबंध हाती लागला की शोधायची पद्धतच बदलते. मग शब्द टाकत बसायचं नाही, त्या निबंधाच्या नात्यागोत्यात फिरायचं. मागे जायचं असेल तर शेवटची संदर्भयादी बघा, म्हणजे त्याने कोणाकोणाचं वाचलं ते कळतं. पुढे यायचं असेल तर स्कॉलरमध्ये त्या निबंधाखाली 'साइटेड बाय' लिहिलेलं असतं ते दाबा. त्याच्यानंतर त्याचा उल्लेख कोणी केला याची यादी उघडते, आणि त्या यादीतही वर 'यवतमाळ' किंवा 'चंद्रपूर' टाकून चाळता येतं. लग्न जुळवताना आपण आधी आजोळ बघतो आणि मग मुलगा काय करतो ते विचारतो, तसंच आहे हे. दोन-तीन दिवस असं फिरलात की तीच ती नावं परत यायला लागतील. नव्या निबंधाची संदर्भयादी उघडली आणि त्यातले बहुतेक आधीच वहीत आहेत असं दिसलं, की त्या बाजूचा शोध पुरे झाला समजा. एखादी बाजू मात्र मुद्दाम उघडी ठेवा. भूगर्भवाले दंतवैद्यांचं वाचत नाहीत आणि दंतवैद्य भूगर्भवाल्यांचं वाचत नाहीत, हा माझा जुना अनुभव आहे. दातांसाठी आणि आजारासाठी 'पबमेड' या वैद्यकीय निबंधांच्या सूचीत वेगळं शोधा.

पैसे मागतात त्याचं असं आहे. निबंध एका ठिकाणी विकत असला तरी तोच दुसरीकडे मोकळा असू शकतो. स्कॉलरमध्ये 'ऑल व्हर्जन्स' दाबून बघा. लॅपटॉपवर 'अनपेवॉल' नावाचं फुकट साधन बसवता येतं, ते मोकळी प्रत असेल तर दाखवतं. नाहीच मिळाली तर लेखकाला ईमेल लिहा. पत्ता पहिल्या पानावर असतो. दोन ओळी पुरतात: मी अमुक गावची, आमच्या गावच्या पाण्यासाठी तुमचा निबंध हवा आहे. माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त लोक पाठवतात, काही तर सोबत नकाशेही पाठवतात. आपला निबंध खरंच कोणाला तरी हवा आहे याचं त्यांना अप्रूपच असतं. आणि १ जानेवारी २०२५ पासून केंद्राची 'एक राष्ट्र, एक सदस्यता' योजना सुरू झाली आहे. तिच्यात केंद्र आणि राज्य सरकारच्या उच्चशिक्षण संस्थांना सुमारे १३,००० नियतकालिकं मिळतात. अमरावतीला विद्यापीठात कोणी ओळखीचं असेल तर ग्रंथालयात विचारायला सांगा.

पण निबंधापेक्षा जास्त माल प्रबंधात असतो, हे फार कमी लोकांना माहीत आहे. 'शोधगंगा' नावाचं भांडार गांधीनगरचं इन्फ्लिबनेट चालवतं. देशातल्या विद्यापीठांचे पीएच.डी.चे प्रबंध तिथे पूर्ण वाचायला मिळतात, नागपूर आणि अमरावतीचेही. कृषी विद्यापीठांच्या प्रबंधांसाठी 'कृषिकोश' आहे. निबंधात जागा कमी म्हणून लेखक सरासरी देऊन मोकळा होतो, प्रबंधाच्या परिशिष्टात मात्र गावागावाचे, बोरिंगबोरिंगचे आकडे असतात. प्रत्येक प्रकरणाची वेगळी पीडीएफ असते. आधी दुसरं प्रकरण काढा. त्यात आधीच्या अभ्यासांचा आढावा असतो आणि कोणीतरी तुमच्यासाठी दोन वर्षं खपून तो तयार केलेला असतो. मग थेट परिशिष्ट. भाषा कंटाळवाणी, इंग्रजी कधी कधी आपल्याहून वाईट, तरी चिकाटी धरा.

आता वाचायचं कसं. सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचू नका. सारांश वाचा आणि मग सरळ 'मटेरियल अँड मेथड्स'वर जा. बहुतेक लोक हाच भाग सोडतात. नमुने किती, कुठले, कोणत्या महिन्यात, बोरिंगचे की उघड्या विहिरीचे, हे सगळं तिथे असतं. मे महिन्यातलं पाणी आणि दिवाळीनंतरचं पाणी एक नसतं. बोरिंग आणि विहीरही एक नसते, कारण खोलवरचं पाणी खडकात जास्त काळ मुरलेलं असतं. पाणी अल्कधर्मी असेल, बायकार्बोनेट जास्त आणि कॅल्शियम कमी असेल, तर खडकातलं फ्लोराइड त्यात जास्त विरघळून येतं. म्हणून फ्लोराइडच्या निबंधात कॅल्शियमचा रकाना का आहे असं वाटलं तर त्याचं उत्तर हे. केंद्रीय भूजल मंडळाचे जिल्हा अहवाल जरूर बघा, पण त्यांच्या निरीक्षणाच्या जागांत उघड्या विहिरी बऱ्याच असतात. तुमचं गाव पितं बोरिंगचं. जिल्ह्याच्या नकाशावर तुमचा भाग स्वच्छ दिसला म्हणून निर्धास्त होऊ नका.

आकड्यांना एकक असतं. मिलिग्रॅम प्रति लिटर आणि पीपीएम पाण्याच्या बाबतीत एकच धरतात, तिथे घाबरू नका. फ्लोराइडसाठी भारतीय मानक आयएस १०५०० (२०१२) मध्ये १.० ही स्वीकार्य मर्यादा आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घ्यायची मुभा आहे. जागतिक आरोग्य संघटनेचाही आकडा १.५ आहे. या एक आणि दीडच्या मधली बोरिंगं कोणत्या बाजूला मोजली, यावर 'बाधित गावां'ची संख्या केवढी तरी बदलते. एका अहवालात गावं कमी आणि दुसऱ्यात जास्त दिसली तर आधी हे तपासा, कोणी खोटं बोलतंय असं लगेच समजू नका. नायट्रेटमध्ये याहून मोठा खड्डा आहे, आणि पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या, पट्ट्यात नायट्रेटही बघावंच लागतं. आपलं मानक नायट्रेट म्हणून ४५ सांगतं, अमेरिकेतले कागद त्यातला फक्त नायट्रोजन मोजून १० सांगतात. दोन्हींचा अर्थ जवळपास एकच. हे न कळल्यामुळे एका विद्यार्थ्याने आपल्याकडची मर्यादा अमेरिकेच्या साडेचारपट ढिली आहे असं भाषणात ठोकून दिलं होतं.

आता माझा घोळ. बऱ्याच वर्षांपूर्वी एका कार्यक्रमात मी सांगून बसलो की तालुक्यातल्या बहुतेक बोरिंगचं पाणी पिण्यालायक नाही. मागच्या रांगेतून एक म्हातारबा उठले. म्हणाले, "भाऊ, हा आकडा कुठून आनला तुमी?" पेपरातून, म्हणालो. "अन पेपरवाल्यानं?" मला सांगता येईना. घरी येऊन शोधत गेलो. बातमी एका संस्थेच्या पत्रकावरून आली होती, पत्रक एका अहवालावरून, अहवाल एका निबंधावरून. आणि निबंधात स्वच्छ लिहिलं होतं की नमुने फक्त तक्रार आलेल्या बोरिंगचेच घेतलेत. तक्रारीच्या बोरिंगमधली बहुतेक वाईट निघाली, यात नवल ते काय! मधल्या तीन कागदांत 'तक्रारीच्या' हा शब्द गळून पडला होता. खोटं कोणीच बोललं नव्हतं. तेव्हापासून माझा नियम असा की आकडा जिथे जन्मला ते घर पाहिल्याशिवाय तो तोंडातून काढायचा नाही. ग्रामसभेत असा एखादा म्हातारबा असतोच, आणि नसला तर पाणीपुरवठ्याचे अभियंते असतात.

तुमच्या खर्ऱ्याच्या शंकेकडे येतो, कारण शंका रास्त आहे. आपल्याकडे बारा-तेरा वर्षांचं पोरगं खर्रा घोटताना दिसतं हे खरंच आहे. पण दोन्ही डागांत फरक असतो. खर्ऱ्याचा डाग दाताच्या वर बसतो आणि दंतवैद्याने घासून साफ केला की बराचसा जातो. फ्लोराइडचा डाग दात हिरडीच्या आत तयार होत असतानाच त्यात बसलेला असतो, तो घासून जात नाही, आणि सहसा डावी-उजवीकडच्या जोडीच्या दातांवर सारखा दिसतो. समोरच्या पक्क्या दातांचं घडणं वयाच्या आठव्या वर्षाच्या आसपास संपतं. याचा अर्थ लक्षात घ्या. लग्न होऊन तुमच्या गावात आलेल्या सुनांचे दात इथलं पाणी वीस वर्षं पिऊनही पांढरे राहू शकतात, आणि इथे जन्मून बाहेर दिलेल्या लेकीचे दात पिवळे असू शकतात. म्हणून घरोघर जाल तेव्हा 'किती वर्षं इथे राहता' हे विचारू नका, 'आठ वर्षांच्या आत कुठल्या गावचं पाणी प्यालात' असं विचारा. शाळेत बघायचं तर बारा वर्षांच्या आसपासची पोरं बघा, त्यांचे समोरचे दात पक्के आलेले असतात. डागांची पायरी ठरवायला 'डीन्स इंडेक्स' नावाची जुनी पद्धत आहे. तिची चित्रं नेटवर मिळतील, पण पायरी दंतवैद्याकडूनच ठरवून घ्या. निबंध वाचताना हेही बघा की लेखकाने खर्रा-तंबाखूची चौकशी केली होती का. नसेल तर तेवढा तो निबंध लंगडा.

गावात आणखी एक बोलणं तुमच्या कानावर येईलच की याच पाण्याने किडनी जाते. इथे सांभाळा. आंध्र प्रदेशात श्रीकाकुलम जिल्ह्यातल्या उद्दानम भागात किडनीच्या आजाराने गावंच्या गावं त्रस्त आहेत. तिथे फ्लोराइड, सिलिका, कीटकनाशकं, उन्हात राबून शरीरातलं पाणी आटणं, अशा अनेक गोष्टींवर संशय घेऊन झाला आहे, आणि एक कारण अजून पक्कं झालेलं नाही. निबंधात 'असोसिएटेड विथ' लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ दोन गोष्टी सोबत दिसल्या, एवढाच. एकीमुळे दुसरी झाली असा नाही. दातांबद्दल तुम्ही ठाम बोलू शकता. किडनीबद्दल 'डॉक्टरांकडून तपासणी व्हावी' यापुढे जाऊ नका, नाहीतर त्या एका वाक्यामुळे तुमचं बाकीचं बरोबर असलेलंही उडवून लावतील.

नियतकालिकांत बनावट पुष्कळ आहेत. पैसे घेऊन आठवड्यात काहीही छापणारी. एक साधी खूण सांगतो: एकाच अंकात भूगर्भशास्त्र, व्यवस्थापन, संत साहित्य आणि नर्सिंग असं सगळं असेल तर जपून. अशा ठिकाणचा आकडा दुसरीकडे पडताळल्याशिवाय घेऊ नका. फेकूनही देऊ नका, कारण कधी कधी तालुक्याच्या कॉलेजातल्या एखाद्या प्रामाणिक प्राध्यापकाने बढतीच्या गुणांसाठी खरे नमुने तपासून तिथे छापलेले असतात. निबंधाच्या नावाआधी 'रिट्रॅक्टेड' लिहिलं असेल, तर तो मागे घेतलेला आहे, त्याचं नावही घेऊ नका.

आजकाल पोरं एआयच्या चॅटबॉटला विचारून मोकळी होतात. मीही वापरतो. इंग्रजी परिच्छेद समजून घ्यायला, तिसऱ्या रकान्यातले शब्द काढायला ते फार कामाचं आहे, आणि हळू वाचणाऱ्याला तर वरदानच. पण त्याला संदर्भ मागू नका. लेखक, साल, नियतकालिक सगळं शोभेसं जुळवून तो अस्तित्वातच नसलेला निबंध सांगू शकतो. त्याने सांगितलेलं प्रत्येक शीर्षक स्कॉलरमध्ये अवतरण चिन्हात टाकून बघा. सापडलं नाही तर वहीत घेऊ नका.

निबंधांच्या बाहेर तीन जागा आहेत, तिकडे अभ्यासक कमी जातात. जल जीवन मिशनच्या संकेतस्थळावर गावनिहाय पाणी तपासणीच्या नोंदी लोकांना बघता येतात. तुमचं गाव काढा, आणि नोंद किटवरची आहे की प्रयोगशाळेची ते पाहा. किटमध्ये रंग जुळवून अंदाज येतो, नेमका आकडा प्रयोगशाळेतूनच. संसदेतल्या प्रश्नोत्तरांत फ्लोराइडबाधित वस्त्यांवर मंत्र्यांनी दिलेली उत्तरं आहेत, राज्यनिहाय तक्त्यांसकट. आणि सरकारी खर्च तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांचे अहवाल. फ्लोराइड काढायची 'नलगोंडा पद्धत' आपल्या नागपूरच्या 'नीरी' या पर्यावरण संशोधन संस्थेने काढलेली. तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर, एवढंच लागतं. निबंधांत ती छान चालते. पण यंत्र बसवल्यावर पुढच्या वर्षी चालू होतं का, गाळ कोणी काढला, बिल कोणी भरलं, हे निबंधात कमी आणि लेखापरीक्षणात जास्त सापडतं. ग्रामसभेत कोणी 'शुद्धीकरण यंत्र बसवून टाकू' म्हणालं तर तुम्हाला हेच लागणार आहे.

जे कुठेच नसेल त्याच्यासाठी माहितीचा अधिकार आहेच. दहा रुपये आणि तीस दिवस. प्रश्न मात्र दुसऱ्या रकान्यातल्या शब्दांत लिहा. 'आमचं पाणी खराब का' असं लिहिलंत तर उत्तर येणार नाही. 'अमुक ग्रामपंचायतीतील अमुक वस्तीच्या विंधन विहिरींचे मागील पाच वर्षांचे रासायनिक तपासणी अहवाल, तारीख व प्रयोगशाळेच्या नावासह' असं मागा.

पाण्याचा नमुनाही स्वतः पाठवा. दोनदा: एकदा मे महिन्यात, पाऊस पडायच्या आधी, आणि एकदा दिवाळीनंतर, कापसाची वेचणी चालू असताना. १५ ऑगस्टला पहिलाच हातात असेल, तर तसं सांगून टाका. बाटली प्लास्टिकची घ्या, फ्लोराइडला काचेची चालत नाही. आधी बोरिंग थोडा वेळ चालवून साचलेलं पाणी जाऊ द्या. बाटलीवर वस्तीचं नाव, बोरिंगची जागा, तारीख आणि खोली लिहा. खोली कोणाला आठवत नसेल तर ज्याच्या वावराशेजारी बोरिंग खोदलं त्याला विचारा. किती फुटांवर पाणी लागलं हे अशा माणसाच्या बरोबर लक्षात असतं.